एकादशीचे भट्टीतले बटाटे

अकरा पोरं ओसरीवर पोट धरून बसली होती, आणि डॉक्टरसाहेब माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून कढईतलं तेल हुंगत होते.

"महाराज, ये तेल कब का है?"

मी छाती काढून सांगितलं, "मुरलेलं हाये साहेब. चार एकादश्यांचं. वरून ताजं घालतो, पण बुडातलं तसंच ठिवतो."

माझ्या मते ही शाबासकी घेण्यासारखी गोष्ट होती. मुरलेल्या तेलाला चव असते, असं मला शिकवणारा आचारी म्हणायचा. डॉक्टरांनी तेलात बुडवलेलं बोट चुलीजवळच्या फडक्याला पुसलं. ते फडकं म्हणजे माझा पंचा होता.

"ये तेल नहीं है," ते म्हणाले. "जुलाब है."

निजामाचं राज्य होतं. जगात कुठंतरी मोठी लढाई चालू होती आणि तिच्यापायी घासलेट मिळत नव्हतं, एवढंच आम्हाला ठाऊक. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. तिथल्या एका बोर्डिंगात मी आचारी होतो. बोर्डिंग म्हणजे खेड्यापाड्यातल्या पोरांनी राहून शाळा शिकायची जागा. आखाडा बाळापूर, शिरड शहापूर, औंढा, कुठकुठची मिळून बत्तीस पोरं होती. सगळी मला महाराज म्हणायची. आमच्याकडं आचाऱ्याला महाराजच म्हणतात, राज्य काय ते चुलीपुरतं. मागच्या एका खोलीत मी, बायको आणि दोन लेकी राहायचो. खोली बोर्डिंगची. नोकरी गेली की खोलीही गेली, असा हिशोब होता.

बोर्डिंगचे मुख्य, म्हणजे गृहपती, नरहरपंत. काटकुळे, ताठ, आणि आवाज कधीही न चढवणारे. मला आरडाओरडा करणारा साहेब चालतो. तो ओरडला की आपणही मनात चार शिव्या देतो आणि मोकळे होतो. न ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. पंतांनी मुंज झाल्यापासून एकही एकादशी मोडलेली नव्हती, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत, दुसरे सांगत. बोर्डिंगातही दर एकादशीला धान्य बंद असायचं. आदल्या संध्याकाळी पिठाचे, डाळीचे, तांदळाचे डबे माळ्यावर चढायचे आणि द्वादशीला सकाळी खाली उतरायचे.

आता शेतकऱ्यांची बत्तीस वाढती पोरं. भाकरी नाही म्हटल्यावर ती खाणार काय? बटाटा. आगगाडीनं पोती यायची, स्टेशनावरून बैलगाडीत टाकून आणायची. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, ही पोरं तिप्पट खायची. मी बटाटे सोलून पातळ काचऱ्या करायचो आणि तळून परातीवर परात भरायचो. पोरं तुटून पडायची, आणि द्वादशीला त्यातली निम्मी दवाखान्याची वाट धरायची. मला वाटायचं, पोरं हावरी आहेत. माझ्या तेलाकडं माझं बोट कधी गेलं नाही.

डॉक्टरांनी पंतांसमोरच निकाल दिला. "पंतजी, आलू बुरा नहीं, तलना बुरा है. छिलके के साथ भून के दो, तेल नाम को. अगली एकादशी के बाद एक भी बच्चा दवाखाने आया, तो मैं ऊपर रिपोर्ट लिखूँगा. फिर बोर्डिंग का क्या होगा, मैं नहीं जानता."

"बरं," पंत म्हणाले. डॉक्टर गेल्यावर ते माझ्याकडं वळले. "महाराज, पुढची एकादशी पंधरा दिवसांवर आहे. वाशीमकडचा एक आचारी दोनदा येऊन गेला. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही."

एवढं बोलून ते पोथी वाचायला निघून गेले. माझ्या कानात तो "अजून" दिवसभर राहिला.

मला संताप आला. औंढ्याच्या यात्रेत पाचपाचशे पानांच्या पंगतीला मी बुंदी पाडलेली. झाऱ्यावर माझा हात बघायला लोक उभे राहायचे. आणि हा सुई टोचणारा माणूस मला तेल शिकवणार! खोलीवर जाऊन मी बायकोला म्हटलं, "लिहू दे त्याला रिपोर्ट. माझ्या तेलाला नाव ठेवतो!"

ती गोधडी शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "अवो, पोरं हागून हागून अर्धी झाली, अन् तुमी तेलाची बाजू घेऊन राहिले?"

तिचं बराबर होतं. म्हणून मला आणखी राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी कढई ओसरीवर आणून एका डब्यात पालथी केली. ते तेल आमच्या गाडीवानानं चाकाच्या वंगणाला नेलं, आणि नंतर म्हणाला की चाकं झकास फिरतात.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. बटाटे सालीसकट उकडले, वर मीठ-जिरं टाकलं आणि वाढले. पोरांनी पानातले बटाटे बोटानं इकडून तिकडं ढकलले. बाळापूरचा किसन म्हणून एक दहा वर्षांचा पोरगा होता. बाकीची पोरं जे मनात म्हणायची ते किसन तोंडानं म्हणायचा.

"महाराज, हे आजाऱ्याचं जेवण हाये का?"

"खा मुकाट्यानं."

"खातो. पण मी आजारी न्हाई."

पंगत उठली तेव्हा पानांत बटाटे जसेच्या तसे होते. गोठ्यातल्या म्हशीनं ते आवडीनं खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी चुलीतल्या निखाऱ्यांत बटाटे पुरले. शेतावर हुरडा भाजतात तसं आपलं. पण चार माणसांचं निराळं आणि बत्तीस पोरांचं निराळं. काही कोळसा झाले, काही आत कच्चे राहिले, आणि राख सगळ्यांनाच लागली. पोरांची तोंडं काळी झाली, पोटं रिकामीच राहिली.

तेव्हा मला गफूर उस्ताद आठवला. जुन्या छावणीच्या बाजूला त्याची पावाची भट्टी होती. साठीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, भुवया जळलेल्या. भट्टीवाल्याच्या भुवया कधी पुऱ्या नसतात. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो हसत हसत ऐकत राहिला.

"महाराज, चूल्हा नीचे से जलाता है," तो म्हणाला. "तुमको चारों तरफ की आँच होना. तुमको भट्टी होना."

"मग तुझ्या भट्टीत भाजून दे ना."

"मेरी भट्टी में ताडी के खमीर का पाव बनता. तुम्हारा उपास का खाना उसमें? पंतजी क्या बोलेंगे?"

खमीर म्हणजे पीठ फुगवायचं आंबवण. त्याचं म्हणणं मला पटलं. माणूस धंद्यानं पाववाला, पण दुसऱ्याच्या एकादशीची काळजी माझ्याआधी त्यानं केली. मग तोच म्हणाला, "मैं बोर्डिंग में छोटी भट्टी बाँध के देतूं."

मी दबकत दबकत पंतांना विचारलं. उपासाचं अन्न शिजायचं, आणि भट्टी बांधणारा गफूर. पंत चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "भट्टी कोण बांधतो हे काय विचारता? बांधल्यावर पडत नाही ना, ते विचारा."

झालं. मागच्या अंगणात विटा आणि चिकणमातीची एक घुमटी उभी राहिली, कमरेएवढी. ज्यांनी भट्टी पाहिली नाही त्यांना सांगतो. घुमटीच्या पोटात लाकडं जाळायची. आतल्या विटा तापून पांढऱ्या पडल्या की निखारे ओढून बाहेर काढायचे, ओल्या पोत्यानं जमीन पुसायची, मग पदार्थ आत सरकवून तोंडाला झाकण लावायचं. आत आग नसते. विटांनी पोटात धरून ठेवलेल्या उष्णतेवर सगळं भाजतं. चुलीपुढं जन्म काढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, कारण आग दिसत नाही आणि हात तर ढवळायला शिवशिवतात.

गफूरनं बजावलं होतं की आठ दिवस भट्टी सुकू द्या, रोज थोडी थोडी आग घाला. मी तिसऱ्याच दिवशी बाभळीची लाकडं भरून पेटवली. पी हळद अन् हो गोरी! घुमटीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. गफूर आला, तड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"महाराज, मिट्टी को भी टाइम लगता," तो म्हणाला आणि पुन्हा माती कालवायला बसला. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तडा बुजवून भट्टी कशीबशी सुकेपर्यंत एकादशी चार दिवसांवर आली.

पहिली खेप मी सोललेल्या पातळ काचऱ्यांची टाकली. वीस वर्षं हात तेच करत आला होता, तो आपोआप तेच करत राहिला. झाकण काढलं तर आत काळ्या चकत्या. बायकोनं एक उचलून खिडकीत धरली आणि म्हणाली, "काजळ पाडायला चांगल्या हायेत."

मी गफूरकडं पळालो. तो तसाच पिठाच्या हातांनी माझ्याबरोबर आला. भट्टीच्या तोंडाशी बसून त्यानं मला खूण शिकवली. चिमूटभर पीठ आत जमिनीवर फेकायचं. पडताक्षणी काळं झालं तर भट्टी रागात आहे, थांबायचं. पंधरा अंक म्हणेपर्यंत हळूहळू तांबूस झालं तर भट्टी राजी आहे, माल घालायचा.

"आणि पीठ पांढरंच राहिलं तर?"

"तो भट्टी सो गई. लकड़ी लाओ."

त्यानंच सांगितलं की कच्चा बटाटा टाकायचा नाही, आधी अर्धा उकडायचा. आणि तुकडे पातळ नको, लिंबाएवढे ठेवायचे, साल तशीच. मी भट्टीजवळ विटेच्या कोनाड्यात ज्वारीच्या पिठाचा एक छोटा डबा ठेवून दिला, खूण बघायला.

दुसरी खेप बरी निघाली. आत मऊ, पुरते शिजलेले. पण वरून चिवट. मधल्या सुट्टीत आलेला किसन चाखायला तयारच होता. त्यानं एक तोंडात टाकला आणि बराच वेळ जबडा हलवत राहिला.

"कसा हाये?"

"चांगला हाये महाराज. पण लई येळ चावावं लागून राहिलं."

मी कपाळावर हात मारला. एकादशी तीन दिवसांवर आणि माझे बटाटे जोड्याच्या तळव्यासारखे! डोळ्यांसमोर वाशीमचा आचारी माझ्या चुलीपुढं बसलेला दिसायला लागला. तेवढ्यात किसननं परातीबाहेर घरंगळलेले दोन तुकडे भट्टीच्या जमिनीवरून चिमट्यानं ओढले, फुंकले, आणि एक खाल्ला. कुर्रकन आवाज झाला. तो थांबला. दुसराही खाल्ला.

"महाराज, हे दोन येगळे हायेत!"

"येगळे काहून?"

"काय म्हाईत. पर हे चांगले हायेत."

मी भट्टीत डोकावलो. ते तुकडे जिथं पडले होते तिथं मघाशी खुणेला फेकलेलं पीठ होतं. ते पीठ ओल्या बटाट्याला चिकटलं होतं आणि भाजून त्याची पापडी झाली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तळणीत तेल जे काम करतं, ते इथं चिमूटभर पीठ करत होतं!

त्याच दुपारी मी पुन्हा लाकडं भरली. बटाटे अर्धे उकडले, पाणी निथळलं, आणि पातेलं झाकून असं गदागदा हलवलं की तुकड्यांच्या कडा खरखरीत झाल्या. मोठ्या परातीला एकच पळी शेंगदाण्याचं तेल, मीठ, जिरं, बेताचं तिखट, आणि मूठभर ज्वारीचं पीठ. सगळं हातानं चोळलं. पंधरा अंकांची खूण बघून परात आत सरकवली. झाकणाच्या फटीतून वास यायला लागला तशी पोरं शाळेतून येऊन दप्तरासकट भट्टीभोवती गोळा झाली.

परात बाहेर आली तेव्हा तुकडे तांबूस झाले होते, साल सुरकुतली होती, कडा कडक. वर लिंबू पिळलं. पोरं पहिल्या घासाला भाजली, दुसऱ्या घासाला गप्प झाली, आणि तिसऱ्या घासाला भांडायला लागली. कडेचे तुकडे जास्त कडक म्हणून ज्याला त्याला कडेचे पाहिजे होते. साल कुणी काढलीसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी उगीचच दोन पोरांच्या पाठीत धपाटे घातले.

पंत अंगणात आले. "तेल किती?"

"एक पळी."

"बत्तीस पोरांना?"

"व्हय."

"हं," म्हणाले आणि गेले. पंतांचा "हं" म्हणजे दुसऱ्याचं भाषण. मी त्या दिवसापासून असा चालायला लागलो जसं काही बटाट्याचा शोधच मी लावला.

एकादशी उजाडली. पोरं सकाळपासून उपाशी. आदल्या संध्याकाळी डबे माळ्यावर चढवलेले होते. चूल सारवलेली. दुपारी मी दोन घाण्यांत बटाटे भाजले, एकापेक्षा एक. पंगत बसली. एकादशीला पंत पोरांच्याच पंगतीत बसायचे, अगदी पहिल्या पानावर. मी वाढत गेलो आणि पोरं खात गेली. आणि मग एक गोष्ट घडली जी माझ्या तिथल्या सात वर्षांत घडली नव्हती. पंतांनी हात वर केला.

"महाराज, इकडं अजून थोडे."

मी परात घेऊन धावलोच. पंतांच्या पानात चांगले आठदहा तुकडे टाकले, कडेचे बघून. बायको दारातून बघत होती. मी तिच्याकडं बघून मिशीवर ताव दिला.

तेव्हा किसन बोटं चाटत म्हणाला, "महाराज, याला पीठ कशाचं लावता वो तुमी?"

मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ज्वारीचं! नव्या ज्वारीचं, चाळून घेतलेलं, बारीक..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

ज्वारी. एकादशीला. धान्य!

माळ्यावर सगळे डबे गेले होते, पण भट्टीजवळचा छोटा डबा कोनाड्यातच होता. तो माझ्या लेखी धान्याचा डबा राहिलाच नव्हता. ते भट्टीचं हत्यार होतं, जसा चिमटा, जसं ओलं पोतं. जन्मभर एकादशी पाळणारा मी, माझ्याच हातानं मूठ भरून पीठ चोळलं आणि माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. बत्तीस पोरांचा उपास मी मोडला होता. आणि पंतांचा, मुंजीपासूनचा.

पंगत गार झाली. पोरांचे हात जिथल्या तिथं थांबले. शिरड शहापूरचा एक बारकासा पोरगा होता, तो रडायलाच लागला. "माझ्या मायनं नवस बोललाय. माझ्या दुखण्यात बोलला व्हता. एकादशी मोडू नको म्हणली व्हती."

सगळ्यांच्या नजरा पंतांकडं गेल्या. पंतांच्या बोटांत बटाट्याचा एक तुकडा होता, तोंडाच्या वाटेवर. ते त्याच्याकडं बघत होते.

आता आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. पंगतीतला मोठा माणूस उठला की पंगत उठली. मग कुणी एक घास घेत नाही. पंत उठले असते तर कुणी त्यांना दोष दिला नसता, त्यांचं उठणंच धर्माला धरून होतं. पण ते उठले की बत्तीस पोरं अर्ध्या पोटी उठणार होती, आणि बटाटे सगळे भाजून संपले होते, द्वादशीच्या सकाळपर्यंत त्यांना द्यायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. हे मला कळत होतं. पंतांनाही कळत होतं. मी परात धरून उभा होतो.

पंतांनी तो तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला.

"पोरांनो," ते म्हणाले, नेहमीच्याच आवाजात, "पानात पडलेलं अन्न टाकून उठायचं नाही. चूक मोठ्यांची आहे. उपास मोडला असेल तर माझा मोडला, तुमचा नाही. जेवा." मग रडणाऱ्या पोराकडं वळून म्हणाले, "तुझ्या आईला मी स्वतः कागद लिहीन. तू जेव, बाळा."

आणि ते दुसरा तुकडा उचलून खाऊ लागले. शेवटच्या पोराचं पान होईपर्यंत ते पानावरून हलले नाहीत. मी खांबाआड जाऊन रडलो. लाज वाटली म्हणून रडलो आणि त्या माणसाची माया आली म्हणूनही रडलो. खोटं कशाला सांगू.

पोरं उठल्यावर मी पंतांच्या खोलीच्या दाराशी गेलो. "पंत, चुकलं माझं. मी जातो."

"आज बोलू नका," ते म्हणाले. "उद्या बघू." त्यांनी दार लोटून घेतलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही.

मी खोलीवर येऊन भांड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं. बायको म्हणाली, "अवो, काय घाई हाये? आधी द्वादशी तर उजाडू द्या." पण तीही भांडी पुसून माझ्या हातात देत होती. लेकी विचारायला लागल्या, कुठं जायचं? मी गाठ आणखी घट्ट आवळली.

द्वादशीला सकाळी डॉक्टरसाहेब स्वतःच आले. दवाखान्यात कुणीच आलं नाही म्हणून ते चक्रावले होते. ओसरी रिकामी होती. पोरं अंगणात हुतूतू खेळत होती.

"कितने बीमार?"

"कोणी नाही," पंत म्हणाले.

डॉक्टरांनी दोनचार पोरांना धरून पोटं दाबून पाहिली. एकाला गुदगुल्या झाल्या, तो फिदीफिदी हसत सुटला. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "महाराज, शाबास! मेरे घर में भी बता देना, बच्चे मेरे भी तला हुआ माँगते हैं." मला ती शाबासकी काट्यासारखी टोचली. ते गेल्यावर पंतांनी मला बोलावलं.

"महाराज, तो वाशीमचा आचारी काल संध्याकाळी पुन्हा आला होता."

मी मान खाली घातली. गाठोडं बांधलेलंच होतं.

"मी त्याला विचारलं, पोरांना न तळता बटाटा कसा खाऊ घालशील? तो म्हणाला, पोरांना काय विचारायचं, वाढलेलं खातील." पंतांनी चष्मा काढून पुसला. "मी त्याला चहा पाजून परत पाठवलं."



"एकादशीला भगर चालते," ते पुढं म्हणाले. "भगर दळून घ्या आणि ते पीठ लावून बघा. आणि ज्वारीचा तो डबा..."

"माळ्यावर," मी म्हणालो. "मी स्वतः चढवीन."

"चढवा. आणि मीठ किंचित कमी घाला. काल जास्त होतं."

भगरीच्या पिठानं बटाटे आणखी कडक होतात, हे मला तेव्हा कळलं. खुणेलाही मी तेव्हापासून भगरीचंच पीठ फेकू लागलो. पुढं बोर्डिंग सोडेपर्यंत दर एकादशीला माझी भट्टी पेटायची. गफूर उस्ताद मधूनमधून येऊन तड्याची जागा बोटानं चाचपून जायचा. पोटदुखीसाठी पोरं दवाखान्यात जायची ती फक्त परीक्षेच्या दिवशी, आणि त्याला माझ्याकडं इलाज नव्हता.

पंतांनी शिरड शहापूरला कागद लिहिला. काय लिहिलं ते मला माहीत नाही. आठवड्यानं त्या पोराचा बाप बैलगाडीनं आला. मी दारातच उभा होतो, बोलणी खायची तयारी करून. त्यानं गाडीतून भगरीचं पोतं उतरवलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे काय?"

"लेकराच्या मायनं पाठवलंय," तो म्हणाला. "म्हणली, कागद वाचून दाखवला मास्तरनं. म्हणली, महाराजाला सांगा, माझं लेकरू पोटभर जेवलं ना? मंग माझा देव उपाशी न्हाई राह्यला."

ते पोतं मी स्वतः खांद्यावर घेऊन आत नेलं. कुणाला हात लावू दिला नाही.

धडा विचाराल तर एवढाच. बटाटा बिघडतो तेलानं, आणि आचारी बिघडतो शाबासकीनं. दोन्ही गोष्टी पळीनं मोजून घ्याव्यात.